झाकली मूठ

पौष लागला, परभणीकडची ज्वारी चिकात आली, की माझा पुढचा एक दात दुखायला लागतो. दात तिथं नाही. पन्नासएक वर्षांपूर्वी तो झरीच्या आमच्या वावरात पडला आणि काळ्या मातीत कुठं गेला ते कुणी शोधलं नाही. नसलेल्या दाताची तक्रार डॉक्टरकडं न्यायची सोय नसते, आणि घरात सांगितलं तर म्हातारा चळला म्हणतील. म्हणून मी गप्प बसतो. कणसं खुडून झाली की ठणका आपोआप थांबतो.

यंदा झरीला गेलो. अक्काला जाऊन वर्ष होत आलं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जन्मापासून बहिरी आणि त्यामुळं मुकी. तिच्या रानात एकदा उभं राहून यावं, एवढंच मनात होतं. बांधावर पाय ठेवला तोच ज्वारीतून कुणीतरी किंचाळलं, ‘हाऽऽ, धर, मार, मार त्याला’, आणि पाठोपाठ पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज. मी ताटं बाजूला करून पाहिलं. आत माणूस नव्हता. खुंटाला एक भोंगा बांधलेला, त्याला बॅटरी, आणि दोन-दोन मिनिटांनी तीच किंकाळी, मधे त्याच जागी तोच श्वास. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला हल्ली अशी सोय करतात. चार दिवस जनावरं भितात. पाचव्या दिवशी त्यांना कळतं की यात बोलणारं कुणीच नाही, आणि मग ती भोंग्याच्या बुडाशी निवांत चरतात.

मी उन्हात बांधावर बसून राहिलो आणि दर दोन मिनिटांनी दचकत राहिलो. जनावरांना जे पाच दिवसांत कळतं ते मला कळूनही उपयोग नव्हता. ‘मार त्याला’ हे शब्द त्याच वावरात मी एकदा माणसांच्या तोंडून ऐकले होते.

परभणीच्या एका कॉलेजात मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. त्यात भाषाशास्त्राचा एक पेपर असायचा आणि त्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा, भाषेची उत्पत्ती. पोरं तो आवडीनं करायची, कारण त्यात घोकायला फार नव्हतं. आदिमानवानं कुत्र्याच्या भुंकण्याची नक्कल केली आणि त्यातून शब्द निघाले, असं एक मत. ठेच लागली, ‘आई गं’ झालं, त्यातून निघाले, असं दुसरं. दहा जणांनी मिळून ओंडका ओढला, ‘हैशा’ म्हणाले, त्यातून निघाले, हे तिसरं. मी ही मतं सांगायचो तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकायचा. हसायचं आणखी एक कारण होतं. त्या पडलेल्या दातामुळं माझा ‘स’ शिट्टीसारखा वाजतो, आणि ‘सिद्धांत’ म्हणताना तर मी अडखळतोच. पोरं माझी नक्कल करत. करू देत असे. मला यातलं एकही मत कधी पटलं नाही, पण खरं काय ते सांगायचं तर झरीच्या वावराचं नाव घ्यावं लागलं असतं.

तो सत्तरच्या दशकातला हंगाम. मोठ्या दुष्काळाची वर्षं मागं पडली होती आणि ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. उपाशी वर्षांनंतर पीक आलं की माणसं निवळतात असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्याकडं यावं. त्या वर्षी माणसं कणसाकणसासाठी डूख धरून होती. कुणाची शेळी वावरात शिरली तर तिची तंगडी मोडून परत पाठवत. बांधावरच्या बाभळीची फांदी कुणाची यावरून दोन सख्ख्या भावांनी एकमेकांवर कुऱ्हाडी उगारल्या. आणि वरून पाखरं. भोरड्यांचा थवा उतरला की एवढी किलबिल व्हायची की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागे. थवा उठायचा तेव्हा खालची कणसं अर्धी झालेली असायची.

आमच्या वावराची राखण लिंबाजी करायचा. तो बौद्धवाड्यातला, तिशीच्या आतबाहेरचा, अंगानं काटक. चार मेढींवर उभ्या केलेल्या माळ्यावर उभा राहून तो गोफण फिरवायचा. अंबाडीच्या वाखाची गोफण, डोक्यावरून तीन फेरे, आणि सुटताना असा फटकारा की पलीकडच्या शिवारातली पाखरंही उडावीत. आमच्या काळ्या रानात औषधाला खडा सापडत नाही. त्यामुळं गोटे नदीतून गाडीनं आणायचे आणि माळ्याखाली ढीग घालायचा. त्याचा गोटा ज्या भोरडीला लागे तिला डोकं उरत नसे. दिवस मावळताना वावरात फिरलं की पायांखाली मऊ लागायचं. अक्का ती पाखरं गोळा करून बांधावर ओळीनं मांडायची आणि कुत्री ती ओढून न्यायची.

लिंबाजीचा गळाही गावात एकच होता. भोरड्यांना एक हाळी, राघूंना दुसरी. भाकरी घेऊन ये म्हणून बायकोला तिसरी, आणि द्रुपदाला ती अर्ध्या मैलावरून कळायची. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीत माळ्याच्या सावलीला पुस्तक घेऊन बसायचो, आणि वाटायचं की हेच ते असणार. हातात दगड, गळ्यात हाळी आणि समोर लुटायला आलेला थवा. माणूस बोलायला लागला तो असाच, काहीतरी हाकलताना. पुढं वाचनात आलं की माणसाच्या घशात आवाजाची पेटी फार खाली असते, त्यामुळं घासाची आणि श्वासाची वाट एकमेकींना छेदते. म्हणून माणूस घास अडकून मरू शकतो. बोलता यावं म्हणून निसर्गानं माणसाच्या गळ्यात हा धोका कायमचा बसवून ठेवला, असं काही जण मानतात. बोलण्यानं दुसऱ्याचा जीव कसा जातो, हे मात्र त्या पुस्तकात नव्हतं.

अक्काला गळाच नव्हता. म्हणजे होता, त्यातून कधी तरी घोगरा आवाज निघायचा, पण त्याचा तिला पत्ता नसायचा. ती बोलायची ते हातांनी, आणि ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं बोलणं होतं. मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मला बोबडं तोंड फुटलं तेव्हाच हातही फुटले असणार, कारण ते कधी शिकलो ते मला आठवत नाही. प्रत्येकाला एक खूण होती. माझी खूण कान. उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली की मी. ज्याला ऐकू येतं तो. आईची खूण कपाळावर बोट, कुंकू. मग वडील गेले. आईचं कपाळ पांढरं झालं. मला वाटलं, अक्का आता आईला काय म्हणणार. ती तेच म्हणत राहिली, कपाळावर बोट, कुंकू नसलेल्या आईला. तोवर ती खूण चित्र होती, त्या दिवसापासून शब्द झाली. भाषाशास्त्रात ज्याला चार पानं लागतात ते अक्कानं सुतकाच्या दहा दिवसांत केलं, आणि ती कधी शाळेत गेली नव्हती.

तिच्या बोलण्याला रीत होती. आधी कोण, मग काय, मग कसं. झालेली गोष्ट असली तर खांद्यावरून मागं बोट. ‘नाही’ सगळ्यात शेवटी, आपल्या मराठीसारखं, जी मराठी तिनं जन्मात ऐकली नव्हती. काल दिसलेला साप, उद्याचा बाजार, मेलेले वडील, समोर नसलेलं सगळं तिला सांगता यायचं. हाळीला ते येत नाही. हाळी समोरच्या थव्यासाठी असते. आई गेली तेव्हा या भाषेचे बोलणारे दोनच उरले, ती आणि मी. घर मग धाकट्या चुलत्यांच्या, तात्यांच्या हाती गेलं आणि माझं शिक्षणही. तात्यांची खूण फेटा. बोटं पसरून उघडा हात डोक्यावरून गोल फिरवायचा, फेटा गुंडाळल्यासारखा. लिंबाजीची खूण गोफण. तीही डोक्यावरून गोल, पण मूठ मिटून, कारण मुठीत दोरी असते. मूठ आणि पंजा, फरक एवढाच. नवख्याला तो दिसला नसता. मला तो दिसत नाही असं कधी झालं नव्हतं.

संक्रांत झाली. सगळ्या गावानं एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून ‘गोड बोला’ म्हणून सांगितलं. दुसरा दिवस करीचा. दुपारी जेवणवेळेला मी पारावर होतो, तेवढ्यात कुणीतरी पळत आलं की रंगनाथ बांधावर पडलाय. रंगनाथ आमचा शेजारी, त्याचं वावर आमच्या बांधाला लागून. तो दर साली नांगर चार बोटं आत घालतो असं तात्यांचं म्हणणं, आणि तात्याच घालतात असं त्याचं. आम्ही पन्नासएक माणसं पळत गेलो. तात्या पलीकडच्या वाटेनं आले, आमच्या थोडे मागून. रंगनाथ पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू आत गेलेली. शेजारी नदीतला गोटा, त्याला केस चिकटलेले. नाकातून आवाज येत होता, भांड्यात पाणी उकळावं तसा. त्याला गाडीत घातलं. परभणी यायच्या आत तो गेला.

गोटा बघून सगळ्यांच्या माना आधी माळ्याकडं वळल्या. वर लिंबाजी नव्हता, अक्का उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेवढ्यात विहिरीकडून लिंबाजी धावत आला. त्याच्या हाताला भाकरीचा चुरा होता. गावातला एक म्हातारा कारभारी मला म्हणाला, “तुज्या बहिनीनं बगितलंय. इचार तिला.”

मी विचारलं. भुवया वर, दोन्ही हात उघडे, मग बांधाकडं बोट. अक्कानं सांगितलं, सावकाश, कारण तिला वाटलं मी घाबरलो असेन. खांद्यावरून मागं बोट. मग हात डोक्यावरून गोल. मग माळ्याखालचा ढीग, उचलल्याची मूठ, आणि स्वतःच्याच डोक्यावर मागून खाली. माणसांनी फक्त डोक्यावर फिरलेला हात पाहिला. कुणीतरी म्हणालं, गोफण. दुसऱ्यानं ते उचललं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि कारभाऱ्यानं विचारलं, “लिंबाजी म्हन्ती ना ती?”

सगळ्यांच्या मागं तात्या उभे होते. दोन्ही हातांनी फेटा नीट करत होते आणि माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, “व्हय.”

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला बजावत राहिलो की नाव मी घेतलंच नाही, नाव गर्दीनं घेतलं. ऊन डोळ्यांवर होतं. ती उंचावर होती. हात भरकन फिरला. वकिलाला लाजवतील एवढे मुद्दे मी जमवले होते. एकही खरा नव्हता. हात उघडा होता. पाचही बोटं मी मोजावीत इतकी वेगळी होती.

मग ‘मार त्याला’ झालं. लिंबाजीच्या घरच्यांनी वीस वर्षांपूर्वी टाकून दिलेलं जातीचं नाव माणसांनी मुद्दाम तोंडात घोळवून त्याला हाक मारली आणि पहिली काठी बसली. तो पडला नाही. म्हणाला, “म्या न्हाई. म्या हिरीवर व्हतो, भाकर खायलो व्हतो.” हात पुढं करून भाकरीचा चुरा दाखवला. त्या हातावर काठी बसली. तो पुन्हा तेच म्हणाला, अगदी त्याच शब्दांत, जणू आधी नीट ऐकू गेलं नसेल. कुऱ्हाडीचा दांडा आडवा आला तो जबड्यावर. जो आवाज झाला तो मी वाळलेल्या फांदीचा ऐकला आहे, माणसाचा तेवढाच एकदा. तिसऱ्यांदा तो तेच म्हणायला गेला आणि नुसता ‘आ’ आला, मागून रक्त आणि दोन-तीन दात. गावातला सगळ्यात मोठा गळा होता तो. भाषेच्या उत्पत्तीवर मी पुढं कॉलेजात तासनतास बोललो, पण भाषा जाते कशी हे मी त्या दुपारी चार पावलांवरून पाहिलं होतं. शब्द आधी जातात. मग सूर. मग फक्त श्वास उरतो. काही पोरं बौद्धवाड्याकडं पळाली आणि थोड्या वेळानं तिकडून धूर दिसायला लागला. द्रुपदाचं घर आणि त्याला लागून असलेलं एक.

अक्काला ऐकू येत नव्हतं. माणसं लिंबाजीवर पडली तेव्हा मी काय बोललो ते तिला कळलं. ती माळ्यावरून जवळजवळ पडलीच, धावत आली आणि माझ्या डोळ्यांसमोर, अगदी नाकाजवळ, तिनं पंजा उघडून धरला. बोटं ताणून ताणून वेगळी केली आणि तो हात डोक्यावरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग तात्यांकडं बोट केलं. कारभाऱ्यानं विचारलं, आता काय म्हणायलीय ही. मी सांगितलं की भेदरलीय, काही नाही. पहिला ‘व्हय’ भीतीनं निघाला असेल. या दुसऱ्याला ती सबबसुद्धा नाही.

माणसांनी माना वळवल्या. तेवढ्यावरून तिला समजलं की तिचं वाक्य मी मधेच मारून टाकलंय. तिनं ढिगातला गोटा उचलला आणि फेकला नाही, हातात धरून माझ्या तोंडावर हाणला. दात तेव्हा पडला. मुकी पिसाळली, असं कुणीतरी ओरडलं. तात्या पुढं आले. त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि त्या फेट्यानं अक्काचे दोन्ही हात माळ्याच्या मेढीला बांधले. पन्नास माणसं बघत होती. त्यांना वाटलं, बाई आवरली. मुकीचं तोंड हातात असतं आणि तात्यांनी ते बांधलं, हे तिथं मला एकट्याला दिसत होतं. माझ्या तोंडातून रक्त गळत होतं, आणि खरं सांगायचं तर बोलायला लागू नये याला ते निमित्त चांगलं होतं.

दिवस मावळायच्या आत तात्या माझ्याजवळ येऊन बसले, बोडक्या डोक्यानं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. आवाज मऊ होता. “बापू, झाकली मूठ सव्वा लाखाची,” एवढंच म्हणाले. आपल्याकडं घरोघर म्हणतात ही म्हण, घरातलं उणंदुणं बाहेर जाऊ नये म्हणून. तात्यांना आमच्या खुणा येत नव्हत्या. मूठ आणि पंजा यातला फरक त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी त्यांनी नेमकी तीच म्हण काढली.

लिंबाजी दवाखान्यात गेला, तिथून तुरुंगात. खटला उभा राहिला तेव्हा मुक्या साक्षीदाराचा दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. मी होस्टेलवर ताप आला म्हणून पडून राहिलो. पुढच्या तारखेलाही ताप आला. दुभाषी नाही, साक्ष नाही, म्हणून लिंबाजी सुटला. माझ्या बोलण्यानं तो मोडला आणि माझ्या न बोलण्यानं सुटला. या दुसऱ्या गोष्टीचं श्रेय मी मनातल्या मनात बरेच दिवस घेत होतो, इतका मी हलकट होतो. तात्या पुढं पंधरा वर्षं मानानं जगले. माझं एम.ए. त्यांनीच पुरं केलं.

अक्कानं माझ्याशी अबोला धरला. मुकीनं अबोला धरणं याला कुणी हसेल, पण तो अबोलाच होता. मी घरी गेलो की ती ताट वाढायची, अंथरूण घालायची, आजारी पडलो तर उशाशी बसायची. फक्त मी समोर असलो की हात पदरात घ्यायची. मी खुणा करायचो, ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायची. दोन माणसांची भाषा होती, त्यातल्या एकानं खोटं बोलून ती संपवली, असं मी धरून चाललो. मेलेल्या भाषा मी शिकवायचो. एक मी स्वतः मारली होती.

त्यातही चुकलो. वाटण्या झाल्यावर अक्कानं स्वतःच्या वाट्याचं रान मागून घेतलं आणि ते लिंबाजी आणि द्रुपदाच्या जोडीनं कसायला लागली. पाच-सहा वर्षांनी अशाच हंगामात मी गेलो. माळ्यावर लिंबाजी होता, जबडा एका अंगाला सरकलेला, लाळ पुसायला खांद्यावर फडकं. शेजारी अक्का. दोघं हातांनी बोलत होती आणि अक्का हसत होती. खाली लिंबाजीची पोरं, त्यांचेही हात चालू. मी बांधावर बसून बघत राहिलो आणि मला निम्म्याहून जास्त कळेना. आमच्या खुणा होत्या, पण पोरांनी त्या छाटून लहान केल्या होत्या, दोन-दोन एकीत जोडल्या होत्या, आणि माझे डोळे पोचत नव्हते इतक्या वेगानं ती त्या फेकत होती. मी आणि अक्कानं केलं होतं ते तुटक बोलणं होतं. त्याची भाषा त्या पोरांनी केली, आणि त्यांना ती कुणी शिकवली नव्हती. भाषेची उत्पत्ती दहा मार्कांना विचारणारा प्राध्यापक तिच्यासमोर अडाण्यासारखा बसला होता.

काही विद्वान म्हणतात की माणूस आधी हातांनी बोलायला लागला. मग हातात दगड आला, काठी आली, हात गुंतले, आणि बोलणं तोंडात गेलं. मला हे पटतं. त्या दुपारी पन्नास माणसांच्या हातांत काहीतरी होतं, म्हणून सगळे तोंडानं बोलत होते. हात रिकामे फक्त अक्काचे होते आणि खरंही तिथंच होतं. कोतवाल नावाचा काळा पक्षी आहे, तो म्हणे खोटीच धोक्याची हाक देऊन दुसऱ्या पाखरांना उडवतो आणि त्यांचा किडा पळवतो. पण तो एका किड्यापुरतं फसवतो. समोर नसलेली, होऊन गेलेली गोष्ट घ्यायची, तिच्यात दुसऱ्याचं नाव घालायचं आणि पन्नास जणांना काठ्या उचलायला लावायच्या, हे त्याला येत नाही. त्याला लाखो वर्षांची तयारी लागते. मला ती आयतीच मिळालेली होती.

यंदा भोंगा बंद करायला लिंबाजीची नात आली, सुजाता. अक्काचं रान आता तीच कसते. लिंबाजी आणि द्रुपदा केव्हाच गेले. सुजाता माझ्या शेवटच्या काही वर्गांतली विद्यार्थिनी. तिनं हुरडा आणला, आम्ही बांधावर बसलो. अक्काला ती आजी म्हणायची, तिच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होती. वस्तीतली सगळी यायची म्हणे, खाटेभोवती बसून हातांनी गप्पा मारायची. मी भीत भीत विचारलं, माझं कधी काही निघायचं का.

“निगायचं की. लय वेळा तुमचं नाव घ्यायच्या.”

मी कानाची पाळी दोन बोटांत धरली. असं ना, म्हणून विचारलं.

सुजातानं मान हलवली. “त्ये न्हाई सर. आसं.” तिनं मूठ मिटली, डोक्यावरून एकदा गोल फिरवली आणि तीच मूठ तोंडावर आणून ठेवली. “आमी लहानपनापासून तुमाला आसंच म्हन्तो.”

मग मी विचारलं, याचा अर्थ काय.

ती हसली. नावाला काय अर्थ असतो, म्हणाली, शब्दाचा आणि वस्तूचा काही संबंध नसतो हे तुम्हीच वर्गात सांगितलं होतं. मग जरा विचार करून म्हणाली, लहान असताना गोफणीचा गोटा तुमच्या तोंडावर बसला असेल, दात पडलाय त्यावरून ठेवलं असेल आजीनं. चुकीच्या व्युत्पत्त्या अशाच असतात, ऐकायला पटणाऱ्या. आजोबाचा जबडा गावानं खोट्या आळावर मोडला हे तिला ठाऊक होतं. कुणाच्या शब्दावरून, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लिंबाजीनं नाही, द्रुपदानं नाही, अक्कानं नाही. चाळीसहून जास्त वर्षं अक्का माझं नाव घेत होती, रोज, पोराबाळांसमोर, आणि तरी तिनं माझी मूठ झाकलेलीच ठेवली होती.

दात ठणकत होता. मी हुरडा खाली ठेवला, हात झटकले आणि सुजाताला म्हणालो, मी एक वाक्य सांगतो, ते तू मोठ्यानं वाच. खांद्यावरून मागं बोट केलं. पाचही बोटं पसरून हात डोक्यावरून फिरवला. माळा होता तिथली ढिगाची जागा दाखवली, उचलल्याची मूठ केली, ती माझ्याच डोक्यावर मागून खाली आणली. पन्नास वर्षं उलटली होती, पण वाक्य तेच होतं, अक्काच्या रीतीनं.

सुजातानं ते पहिल्याच खेपेला वाचलं, न अडखळता. “मागं कवातरी फेटेवाल्यानं, म्हंजी तुमच्या तात्यांनी, ढिगातला गोटा उचलून मागून डोक्यात घातला.” तिच्या तोंडावरचं हसू गेलं. तिनं बांधाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “हे आजीनं सांगितलं व्हतं? त्या दिवशी?”

मी मान डोलावली.

“मंग तुमी काय सांगितलं?”

मी मूठ मिटली, डोक्यावरून एकदा गोल फिरवली आणि तोंडावर ठेवली.